लिंक पुढे धाडताना शेपूट कापून धाडा



बियाणे पेरण्याआधी आपण ते निवडून घेतो. फुटके दाणे, काडीकचरा आणि तणाचे बी बाजूला काढतो. शेजाऱ्याने पायलीभर बी मागितले तरी ते सुपात पाखडूनच त्याच्या पदरात घालतो. आपल्या बियाण्याबरोबर दुसऱ्याच्या रानात तण जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ही रीत मोडली की काय होते, ते गाजरगवताने आपल्याला दाखवले आहे. 1955 च्या सुमारास हे तण पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. ते कोणी मुद्दाम पेरले नव्हते. धान्याबरोबर आले, वाऱ्या-पाण्याने आणि गाड्यांच्या चाकांबरोबर पसरले, आणि आज ते प्रत्येक बांधावर उभे आहे.

मोबाईलवरून आपण रोज एकमेकांना लिंक पाठवतो. कांद्याच्या भावाची बातमी, गुलाबी बोंडअळीवरचा व्हिडिओ, ठिबकच्या नळ्यांची जाहिरात, लग्नाच्या साडीचा नमुना, असे सगळे काही असते. या लिंकबरोबरही न मागितलेले बी जात असते. ते लिंकच्या शेवटी शेपटासारखे चिकटलेले असते. ते बातमी वाचण्यासाठी नसते आणि व्हिडिओ पाहण्यासाठीही नसते. लिंक कोठून उचलली, कोणी पुढे दिली आणि कोणी उघडली, याची नोंद ठेवण्यासाठी ते असते. हे शेपूट ओळखायचे कसे, कापायचे कसे आणि कोठे कापायचे नाही, एवढेच आज पाहू. यासाठी इंग्रजी शाळा शिकलेली असण्याची गरज नाही. अक्षरांपेक्षा चिन्हांकडे नीट पाहता आले म्हणजे पुरे.

लिंक म्हणजे पत्ता

लिंक हा एक पत्ता असतो. पोस्टाच्या पत्त्यात नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. लिंकमध्ये आधी घराचे नाव येते, मग त्या घरातली खोली आणि मग त्या खोलीतली फडताळातली वस्तू. समजण्यासाठी एक नमुना बनवू. प्रत्यक्षात अक्षरे इंग्रजी असतात, पण मांडणी अशीच असते :

बातमीपत्र.कॉम/शेती/कांदा-साठवण?यूटीएम_सोर्स=व्हॉट्सॲप&एफबीसीएलआयडी=आयडब्ल्यू2एक्स9क्यू7

यातील ‘बातमीपत्र.कॉम’ हे घर. ‘शेती’ ही खोली. ‘कांदा-साठवण’ हा लेख. पत्ता येथे पूर्ण झाला. यानंतर एक प्रश्नचिन्ह आले आहे. त्या प्रश्नचिन्हाच्या पुढे जे आहे ते बहुतेक वेळा पत्ता नसून पत्त्याला लावलेली चिठ्ठी असते. एकाहून जास्त चिठ्ठ्या असल्या तर त्यांच्यामध्ये ‘&’ हे चिन्ह येते. प्रत्येक चिठ्ठीत बरोबरचे चिन्ह असते. त्याच्या डाव्या बाजूला चिठ्ठीचे नाव आणि उजव्या बाजूला तिच्यातला मजकूर असतो.

ही एवढी खूण लक्षात ठेवली तरी निम्मे काम झाले. प्रश्नचिन्ह म्हणजे गावाची वेस. वेशीच्या आत पत्ता, वेशीच्या बाहेर चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांचे चार प्रकार

सर्वच चिठ्ठ्या सारख्या नसतात. तण म्हणून पीक उपटू नये यासाठी त्यांचे चार प्रकार ओळखून ठेवावेत.

पहिला प्रकार बाजारहिशोबाचा. यात यू-टी-एम या तीन अक्षरांनी सुरू होणारी नावे येतात. अमेरिकेत अर्चिन नावाची एक छोटी कंपनी होती. वेबसाईटवर लोक कोणत्या वाटेने आले याचा हिशोब ठेवण्याची पद्धत तिने बसवली. 2005 साली ती कंपनी गूगलने विकत घेतली. कंपनीचे नाव मागे पडले, पण तिच्या नावाचे पहिले अक्षर ‘यू’ आजही जगभरच्या लिंकांमध्ये फिरते आहे. वाचक व्हॉट्सॲपवरून आला की ईमेलवरून, कोणत्या जाहिरातीवरून आला, एवढे या चिठ्ठीत लिहिलेले असते. तीत सहसा माणसाचे नाव नसते. बाजारात ‘आज कोणत्या गावच्या किती गाड्या आल्या’ ही नोंद ठेवतात, तसाच हा प्रकार. तो फार घातक नाही. पण पुढे पाठवताना त्याचा आपल्याला काही उपयोगही नाही.

दुसरा प्रकार माणसाच्या खुणेचा. हा महत्त्वाचा. फेसबुकवरून बाहेरच्या वेबसाईटवर गेले की लिंकच्या शेवटी ‘एफ-बी-सी-एल-आय-डी’ अशी सहा अक्षरे आणि पुढे लांबलचक जुडगा येतो. 2018 सालापासून हे सुरू आहे. गूगलच्या जाहिरातीवर बोट ठेवले की ‘जी-सी-एल-आय-डी’ येते. इन्स्टाग्रामची लिंक घेतली की ‘आय-जी-एस-एच’ येते. यूट्यूबच्या ‘शेअर’ बटणावरून लिंक घेतली की ‘एस-आय’ येते. काही कंपन्यांच्या ईमेलमधील लिंकांना ‘एम-सी-ई-आय-डी’ ही चिठ्ठी असते. तिच्यात ते पत्र कोणत्या ग्राहकाला गेले त्याची खूण असते. हे जुडगे वाचून आपल्याला काही बोध होत नाही. पण ज्याने ते लावले त्याच्या वहीत त्या जुडग्यासमोर नोंद असते. आपल्या जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला आठवा. त्यावर बारा आकडे असतात. वाटसरूला त्यातून काही कळत नाही. दवाखान्यात मात्र त्या आकड्यांवरून लसीकरण कधी झाले, मालक कोण, हे सारे निघते. फरक एवढाच की जनावराचा बिल्ला आपल्या डोळ्यांदेखत, जनावराच्या भल्यासाठी मारलेला असतो. लिंकचा बिल्ला आपल्या नकळत लागतो, आणि तो लावणाऱ्याच्या भल्यासाठी असतो.

तिसरा प्रकार दलालीचा. खरेदीच्या वेबसाईटच्या लिंकमध्ये ‘टॅग’ किंवा ‘रेफ’ अशी नावे दिसतात. ‘टॅग’ असेल तर त्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कोणाला तरी अडत मिळते. ही अडत बेकायदा नाही. पण आपण भाचीला फवारणी पंपाची लिंक पाठवली आणि मधल्या मध्ये तिसऱ्याच माणसाने दलाली घेतली, हे आपल्याला माहीत तरी असावे.

चौथा प्रकार कामाच्या चिठ्ठीचा. ही कापायची नाही. यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये ‘व्ही’ आणि बरोबरचे चिन्ह असते. त्यापुढची अकरा अक्षरे म्हणजेच तो व्हिडिओ. ती कापली तर व्हिडिओच राहणार नाही. ‘टी’ आणि पुढे आकडा असेल तर व्हिडिओ किती सेकंदांपासून सुरू करायचा ते त्यात लिहिलेले असते. काही सरकारी आणि जुन्या वेबसाईटवर ‘आयडी’ आणि पुढे आकडा असतो. तो त्या परिपत्रकाचा किंवा पानाचा क्रमांक असतो. ही पिकाची रोपे आहेत, खुरपताना ती सांभाळावीत.

कंपन्या हा खटाटोप का करतात?

याचे उत्तर रागाने न देता समजून दिले पाहिजे. आम्ही विस्तार कार्यकर्ते प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर पाटी लावतो. वाण कोणता, पेरणी केव्हा, खताची मात्रा किती, हे पाटीवर नसेल तर कशामुळे उत्पन्न वाढले ते सांगता येत नाही. जाहिरातीवर पैसे घालणाऱ्यालाही कोणत्या जाहिरातीने गिऱ्हाईक आले ते पाहायचे असते. इथपर्यंत त्याचे चूक नाही.

गोष्ट पुढे बदलते. पाटी प्लॉटवर असते तोवर ठीक. ती माणसाच्या पाठीवर लावली जाते तेव्हा प्रश्न उभा राहतो. फुकट दिसणाऱ्या बहुतेक सेवांचा खर्च जाहिरातींतून निघतो. कोणाला काय हवे आहे, कोणाची ओळख कोणाशी आहे, हे जितके नेमके कळेल तितका जाहिरातीला भाव जास्त. आपण मायेने एकमेकांना लिंक पाठवतो आणि त्या मायेची नोंद दुसऱ्याच्या वहीत चढते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातली ही गत आहे.

आपले यात काय जाते?

मेळाव्यात हा विषय काढला की हमखास कोणी तरी म्हणतो, ‘साहेब, आमच्याजवळ लपवण्यासारखे आहे तरी काय?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. तीन गोष्टी जातात.

पहिली, नाते उघडे पडते. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामची खूण असलेली लिंक एकीने घेतली, दुसरीला पाठवली आणि दुसरीने ती आपल्या खात्यातून उघडली, तर घेणारी कोण आणि उघडणारी कोण, याची जोड कंपनीला लावता येते. विषय सोयाबीनचा असेल तर त्यात वावगे काही नाही. पण समजा, थोरल्या जावेने धाकटीला मूल होण्यासाठीच्या उपचारांचा व्हिडिओ गुपचूप पाठवला. घरात ही गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. दोघी जावांमध्ये विश्वासाने झालेले हे बोलणे. या बोलण्याला तिसरा साक्षीदार कशाला हवा? क्षयरोग, दारू सोडवणे, कर्जाचा तगादा, मुलीचे मोडलेले लग्न, अशा कितीतरी गोष्टी आपण एकमेकांना हळू आवाजात सांगतो. आता त्या लिंकच्या रूपाने सांगतो. आवाज हळूच राहिला पाहिजे.

दुसरी, गरज उघडी पडते. हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे आहेत हे व्यापाऱ्याला आधी कळले, तर तो आपल्या तुरीला काय भाव देतो ते आपण जाणतोच. म्हणून बाजारात जाताना आपण आपली नड चेहऱ्यावर दिसू देत नाही. कर्जाच्या, ट्रॅक्टरच्या, दवाखान्याच्या लिंका उघडताना आणि पुढे देताना ही नड थोडी थोडी बाहेर जाते. एका थेंबाने काही होत नाही. पण थेंबे थेंबे तळे साचते, आणि ते तळे आपल्या शेतात नसते.

तिसरी, किल्लीच जाते. हा सर्वांत मोठा धोका. काही लिंका खुणेच्या नसतात, कुलूप उघडण्याच्याच असतात. विमा पॉलिसी पाहण्याची लिंक, कर्ज अर्जाची स्थिती दाखवणारी लिंक, पासवर्ड नव्याने करण्याची लिंक, मागवलेल्या मालाचा पत्ता बदलण्याची लिंक, या बऱ्याचदा केवळ त्या एका माणसासाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या शेपटात ‘टोकन’ किंवा ‘की’ असा शब्द कधी असतो, कधी नुसताच जुडगा असतो. अशी लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला दार उघडता येऊ शकते. आपल्याकडे होते असे, की मेसेज आला, समजला नाही, म्हणून माणूस तो जसाच्या तसा गावच्या ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, ‘हे काय आहे रे?’ ग्रुपमध्ये दोनशे माणसे. त्यातली निम्मी नावाने ओळखीची नाहीत. घराची किल्ली चावडीवर टांगून ‘ही कोणत्या कुलपाची’ असे विचारण्यासारखेच हे झाले. अशा लिंकचे शेपूट कापून उपयोग नाही. ती पाठवायचीच नाही. काय लिहिले आहे ते तोंडाने सांगावे, किंवा घरातल्या जाणत्या मुलाला मोबाईल दाखवावा.

शेपूट कापण्याची रीत

आता हाताने करून पाहू.

एक. लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपच्या लिहिण्याच्या जागेत चिकटवावी. पाठवायचे बटण लगेच दाबू नये. नजर डावीकडून उजवीकडे न्यावी आणि प्रश्नचिन्ह शोधावे.

दोन. प्रश्नचिन्हानंतर कामाची चिठ्ठी आहे का ते पाहावे. नसेल तर शेवटी बोट ठेवून अक्षरे खोडण्याचे बटण दाबावे आणि प्रश्नचिन्हासकट सारे पुसावे.

तीन. आधी ती लिंक स्वतःलाच पाठवून उघडून पाहावी. 2022 च्या अखेरीपासून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःला संदेश पाठवण्याची सोय आहे. तेच पान, तोच व्हिडिओ उघडला तर काम झाले. पेरणीआधी आपण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो, तशी ही उगवण चाचणी.

नेहमी लागणाऱ्या चार ठिकाणांची रीत वेगळी लिहून ठेवतो.

यूट्यूबच्या आखूड लिंकमध्ये घराच्या नावानंतर तिरकी रेघ आणि मग अकरा अक्षरे असतात. त्या अकरांपाशी थांबावे. पुढचे प्रश्नचिन्ह आणि ‘एस-आय’ पुसावे. लांब लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर लगेच ‘व्ही’ असते. तेथे प्रश्नचिन्ह, ‘व्ही’ आणि त्याची अकरा अक्षरे ठेवावीत; पुढे ‘&’ आले की तेथून पुसावे.

इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे पुसले तरी चित्र किंवा व्हिडिओ उघडतो.

ॲमेझॉनच्या लिंकमध्ये तिरक्या रेघांमध्ये ‘डी-पी’ ही दोन अक्षरे शोधावीत. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे त्या वस्तूचा क्रमांक. त्या दहांनंतरचे सगळे पुसावे. येथे ‘रेफ’ची चिठ्ठी प्रश्नचिन्हाच्या आधीही तिरक्या रेघेनंतर येते, म्हणून प्रश्नचिन्हावर विसंबू नये.

वर्तमानपत्राच्या बातमीत बहुधा प्रश्नचिन्हापासून पुढे पुसले की भागते.

काही ठिकाणी हे काम यंत्रावर सोपवता येते. संगणकावरील फायरफॉक्स ब्राउझरमध्ये 2023 च्या नोव्हेंबरपासून लिंक शेपटाविना कॉपी करण्याची सोय आहे. लिंकवर उजवे बटण दाबले की ती दिसते. ब्रेव्ह ब्राउझरमध्येही तशी सोय आहे. आयफोनमध्ये 2023 सालच्या आवृत्तीपासून संदेश, मेल आणि सफारीच्या खासगी खिडकीत ओळखीची शेपटे आपोआप गळतात. तथापि यंत्राला त्याच्या यादीतलीच शेपटे ओळखता येतात. नवे तण आले तर ते खुरप्यानेच काढावे लागते, म्हणून हाताची सवय असू द्यावी.

आखूड लिंकचे कोडे

काही लिंका मुळातच आखूड असतात. नाव छोटे, पुढे पाच-सात अक्षरे, प्रश्नचिन्ह नाहीच. पाहणाऱ्याला वाटते, ही स्वच्छ आहे. परंतु हे तोंड बांधलेले पोते असते. आतले बियाणे कोणते ते बाहेरून दिसत नाही. आखूड लिंक आधी आपल्याला आखूड करणाऱ्याच्या दारात नेते, तेथे नोंद होते आणि मग खऱ्या पत्त्यावर पाठवणी होते. पाठवणारा ओळखीचा आणि भरवशाचा असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडावी, वरच्या पट्टीत उमटलेला खरा पत्ता कॉपी करावा, त्याचे शेपूट कापावे आणि तो पत्ता पुढे द्यावा. पाठवणारा अनोळखी असेल तर पोत्याचे तोंड सोडूच नये.

मेळाव्यातले काही प्रश्न

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले होते, ‘साहेब, व्हॉट्सॲपवरचे बोलणे दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही म्हणतात. मग ही नोंद होते कशी?’ बाबांचा प्रश्न मार्मिक होता. त्यांना सांगितले, ‘बाबा, तुम्ही म्हणता ते खरे. वाटेत पाकीट बंद असते. पण ज्याला ते मिळाले तो लिंकवर बोट ठेवतो, तेव्हा तो स्वतःच चिठ्ठी हातात घेऊन त्या वेबसाईटच्या दारात जातो. टपालवाल्याने काही फोडले नाही. दारवानाने चिठ्ठी वाचली.’

बचत गटातल्या एका ताईंचा प्रश्न होता, ‘मी एकटीने कापून काय होणार? बाकीचे कोठे कापतात?’ ताई, लिंक झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते. तुम्ही एका गटात टाकली, तेथून दहा जणींनी दहा गटांत टाकली. तुमचे शेपूट त्या सगळीकडे जाते. पहिल्या हातानेच ते कापले तर पुढच्या शंभर हातांना स्वच्छ लिंक मिळते. बियाणे मुळापाशी शुद्ध असावे लागते, ते यासाठीच.

एका पोल्ट्रीवाल्या तरुणाने विचारले, ‘शेपूट कापले म्हणजे मी कोणाला दिसणार नाही ना?’ तसे नाही. शेपूट कापल्याने पाठवणारा आणि उघडणारा यांची जोड तुटते, एवढे नक्की. पण आपण आपल्या खात्यातून व्हिडिओ पाहिला तर पाहिल्याची नोंद आपल्या खात्यात राहतेच. एकच मोबाईल घरात चौघे वापरत असतील तर त्याच विषयाचे व्हिडिओ पुढे सर्वांना दिसू लागतात. नाजूक विषय असेल तर यूट्यूबची ‘इनकॉग्निटो’ खिडकी वापरावी, किंवा पाहून झाल्यावर पाहिल्याची यादी पुसावी. बांध घातला म्हणून पाऊस थांबत नाही. पण माती वाहून जाण्याचे कमी होते.

‘शेपूट कापले की खोटी लिंक खरी होते का?’ हाही प्रश्न येतो. मुळीच होत नाही. फसवणुकीची लिंक शेपटावरून नव्हे, घराच्या नावावरून ओळखावी. पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहावे. पीएम-किसानची सरकारी वेबसाईट ‘जीओव्ही डॉट इन’ने संपते. नावात कोठे तरी ‘पीएमकिसान’ आहे, पण शेवट भलताच आहे, तर ती सरकारी नव्हे. योजनेच्या नावाने ‘एपीके’ फाईल आली तर ती मोबाईलमध्ये बसवू नये. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा.

हक्काची बाजू

ही केवळ टापटिपीची गोष्ट नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. माणसाची माहिती घ्यायची तर त्याला सांगून, त्याच्या संमतीने घ्यावी, हे या कायद्याचे मुख्य सूत्र. कायदा असला तरी बांधावर आपले लक्ष असावेच लागते. सातबारा आपल्या नावे आहे म्हणून कोणी रानाची राखण सोडून देत नाही. कायदा त्याचे काम करील. शेपूट कापण्याचे काम मात्र ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याचे.

कात्रण काढून ठेवण्यासाठी

लिंक चिकटवल्यावर पाठवण्याआधी प्रश्नचिन्ह शोधा.

यूट्यूबची अकरा अक्षरे, ॲमेझॉनची दहा अक्षरे आणि सरकारी पानाचा क्रमांक राखा, बाकीचे पुसा.

आधी स्वतःला पाठवा, उघडते का पाहा, मग दुसऱ्याला द्या.

बँक, विमा, कर्ज, पासवर्ड आणि पार्सल यांची लिंक कोणालाही पाठवू नका. ती किल्ली आहे.

आखूड लिंक अनोळखी माणसाकडून आली तर उघडू नका.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना एकदा शेजारी बसवून हे करून दाखवा. ती दोन दिवसांत आपल्यापेक्षा चपळ होतील. मग आजीच्या मोबाईलवरून मामाच्या गावी जाणारी लिंक ती आपणहून निवडून देतील, आणि दर वेळी आपल्याला चष्मा शोधावा लागणार नाही.